खोर्शेद मियाचा हरवलेला शुक्रवार

खोर्शेद मिया वार ओळखायचा तो बंद दारांवरून. ढाक्यातल्या लालबागच्या किल्ल्याला कुलूप दिसलं की रविवार. नदीकाठच्या नवाबांच्या गुलाबी महालाला कुलूप दिसलं की गुरुवार. आणि त्याच्या खिडकीखालची इस्लामपूरची कापडगल्ली गप्प असली, हातगाड्या भिंतीला टेकून उभ्या असल्या, की शुक्रवार. मधल्या दिवसांचा हिशोब तो या तीन खुंट्यांना धरून लावी. खोलीत कॅलेंडर नव्हतं. वर्तमानपत्र वाचून त्याला थकवा येई. फोन होता, पण त्याची बॅटरी सैल होती. फोन खाली पडला की त्यातली तारीख पुन्हा कुठल्या तरी जुन्या सालातल्या एक जानेवारीला जाऊन बसे.

पूर्वी वार सांगायचं काम रौशन आराकडे होतं. ती त्याची बायको. सकाळी चहाचा पेला हातात देताना ती वार सांगे, कारण नाहीतर हा माणूस शुक्रवारी कामाला आणि सोमवारी मशिदीत निघेल अशी तिला भीती होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो बंद दारांवर आला.

चौतीस वर्षं तो जुन्या ढाक्यात लोकांना फिरवत होता. सकाळी नऊला सदरघाटाजवळ पाहुणे घ्यायचे, किल्ला, तारा मशीद, आर्मेनियन लोकांचं चर्च, शंखांच्या बांगड्यांची गल्ली, नवाबांचा महाल असं करत दुपारी नदीवर यायचं, होडीतून एक फेरी मारायची, आणि बिर्याणी खाऊन पाहुण्यांना निरोप द्यायचा. मधे किती चहा, किती पायऱ्या, किती तुंबलेली गटारं, याची मोजदाद नाही. शहर एवढं दाटलेलं की रस्त्यात उभं राहून काही दाखवायला जावं तर मागचा माणूस पाठीत कोपर मारून पुढे जातो. म्हणून खोर्शेद चालता चालताच बोले, मान मागे वळवून. त्यामुळे त्याची मान कायमची जराशी डावीकडे कलली होती. लांबून येताना मी त्याला मानेवरून ओळखत असे.

मी तिथून जवळच, ताँतीबाजारात राहतो. शाळेत भूगोल शिकवत होतो, निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली. खोर्शेदला दम लागायला लागला तेव्हापासून तो मला अधूनमधून बरोबर नेई. "मास्तर, तुम्ही नुसते चाला. मी थांबलो की तुम्ही बोला. लोकांना वाटेल, हीच पद्धत आहे." मग चर्चच्या पायऱ्यांवर तो बसायचा आणि मी थडग्यांवरची सालं वाचून दाखवायचो. पैशांचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मला घरी करायला काही नव्हतं आणि त्याला दम नव्हता, एवढा साधा व्यवहार.

त्याचा एक ठरलेला शब्द होता. खरं तर तो आमच्या सगळ्या शहराचाच आहे, पण त्याच्यासारखा कोणी वापरला नसेल. पाहुणा दमला, की विचारी, "अजून किती लांब?" खोर्शेद हात पुढे करून म्हणे, "हे काय, समोरच." समोरच म्हणजे तीन वळणं, दोन बाजार आणि एक असा रस्ता जो चार महिन्यांपासून खणून ठेवलेला आहे. एकदा सिल्हेटच्या एका वकिलाने त्याला सुनावलं होतं, "चाचा, तुमच्या समोरच्यात आमच्याकडे दोन तालुके बसतात." खोर्शेद न थांबता म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्या पुढच्या तारखेपेक्षा जवळच आहे की."

पण गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या चुका व्हायला लागल्या. चर्चमध्ये त्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना तीच माणसं पुन्हा हसतील म्हणून थांबला. आठ पाहुणे नेले आणि सात परत आणले. आठवा तारा मशिदीत पाय धूत बसला होता. ज्या ऑफिसतर्फे तो काम करी, तिथली व्यवस्थापक शर्मीन नावाची मुलगी. बोलायला कडक, पण त्याच्यासाठी खुर्चीवरून उठून उभी राहणारी. तिने एक दिवस माझ्यासमोरच त्याला सांगितलं.

"चाचा, मालक माझ्या मागे लागलेत. मी तुमच्यासाठी खूप वेळा बोलले. आता आणखी एक तक्रार आली ना, तर तुम्हाला टेबलावर बसावं लागेल. फोन घ्यायचे, पत्ते सांगायचे. पंखा आहे, चहा आहे. वाईट काय त्यात?"

"वाईट काही नाही," खोर्शेद म्हणाला. "पण बसलो की माझा गुडघा धरतो."

"आणि चाललात की?"

"चाललो की दुखतो. दुखणं परवडतं पोरी, धरणं नाही परवडत."

बाहेर आल्यावर तो गुडघा चोळून चालायला लागला. मग पतुआटुलीच्या कोपऱ्यावर म्हणाला, "चौतीस वर्षांत मी एकाही पाहुण्याला बंद दारावर नेलेलं नाही, मास्तर. हे त्या मालकाला कोणी सांगितलंय का?" मी म्हटलं, सांगू. त्याने मान हलवली. टेबलाला तो का घाबरत होता ते मला ठाऊक होतं. गुडघा हे निमित्त होतं. रस्त्यावर त्याला पन्नास जण हाक मारत. खोलीत कोणी मारत नव्हतं.

माघ महिन्यातली गोष्ट. गुरुवारी दुपारी त्याला ताप भरला. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्यासाठी मऊ भात घेऊन गेलो तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. चार घास खाल्ले, मी कोण ते ओळखलं, आणि पुन्हा झोपला. आपण गुरुवारपासून झोपलेलो आहोत हे त्याला कळलं नाही, आणि मला ते सांगायचं सुचलं नाही.

शनिवारी सकाळी ताप उतरला. उठून त्याने खिडकी उघडली. खाली सगळी दुकानं बंद, गल्ली गप्प. झालं असं होतं की कापडबाजाराच्या व्यापारी मंडळाचे म्हातारे अध्यक्ष रात्री वारले होते, आणि त्यांच्या मयतीसाठी बाजार दिवसभर बंद ठेवला होता. खोर्शेदने बंद गल्ली पाहिली आणि मनाशी म्हटलं, शुक्रवार. अंगात ताकद नव्हती म्हणून घरीच चटई अंथरून नमाज पढला. दुपारी मशिदीच्या भोंग्यावरून शुक्रवारचं प्रवचन ऐकू आलं नाही, तेव्हा त्याला वाटलं, गुडघ्यानंतर आता कान गेले. हे त्याने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "कान गेले हे मला लगेच पटलं बघा, मास्तर. वार चुकला असेल हे मनातही आलं नाही."

संध्याकाळी शर्मीनचा फोन आला. ताप कसा आहे, उद्या दोन पाहुणे आहेत, जमेल का. तो म्हणाला, जमेल. ती म्हणाली, मग नेहमीप्रमाणे. रविवारी किल्ला वगळायचा, हे त्याला सांगायची तिला कधी गरज पडली नव्हती.

आणि त्याच्या मते उद्या शनिवार होता.

पाहुणे म्हणजे दिनाजपूरची एक बाई आणि तिचा मुलगा. बाईंचं नाव जोबेदा खातून. पासष्टीच्या आसपास, अंगावर तपकिरी शाल, हातात पानाची डबी. मुलगा तौहीद बँकेत होता आणि दर पाच मिनिटांनी फोन बघत होता. बाईंचे गुडघे खोर्शेदच्या गुडघ्यांपेक्षा फार बरे नव्हते. उतरल्या उतरल्याच त्यांनी आम्हाला बजावलं.

"हे बघा भाई, ढाक्याला मी अकरा वेळा आले. दहा वेळा हॉस्पिटल आणि एकदा कोर्ट. नवरा होता तोवर त्याच्यासाठी, मग माझ्यासाठी. या शहराचं मी एक एक्स-रेचं दुकान पाहिलंय आणि दुसरं एक्स-रेचं दुकान पाहिलंय. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता यायला नको. मी मुलाला म्हटलं, आता नको म्हणतात तर मग एक दिवस नुसतं बघून येऊ. संध्याकाळी सातची बस आहे."

"काय बघायचंय आपा?" खोर्शेदने विचारलं.

"किल्ला. आमच्याकडे बिस्किटांचा एक डबा होता, त्याच्यावर या किल्ल्याचं चित्र. तीस वर्षं मी त्यात मोहरी ठेवली. रोज फोडणीला हात घातला की किल्ला दिसायचा. बाकी तुम्ही दाखवाल ते बघीन, पण तेवढा बघायचाय."

खोर्शेद खूश झाला. त्याला असे पाहुणे आवडत. ज्यांना काय हवं ते माहीत असतं. "मग आधी तोच. सकाळचं ऊन कोवळं असतं. हे काय, समोरच."

दोन सायकल रिक्षा केल्या. पुढच्या रिक्षेत मायलेक, मागच्यात आम्ही दोघं. थंडी होती, धुकं अजून नदीवरून पुरतं उठलं नव्हतं. चौकबाजारात नेहमीची कोंडी. आमची रिक्षा दहा पावलं जाई आणि थांबे. खोर्शेद मफलरमधून बोलत होता. तापानंतर माणसाला येतो तसा एक हलकेपणा त्याला आला होता. पुढच्या रिक्षेतल्या बाई मान वळवून वळवून बघत होत्या, ते तो मला दाखवत होता. "बघा मास्तर, अकरा वेळा येऊन हिनं काही पाहिलेलं नाही. अशा माणसाला दाखवण्यात मजा आहे. त्या परदेशी लोकांनी सगळं आधीच फोनवर पाहिलेलं असतं."

उर्दू रोडच्या वळणावर शाळेच्या मुलींची एक रांग रस्ता ओलांडत होती. निळे कुर्ते, पांढऱ्या ओढण्या, पाठीवर दप्तरं. रिक्षा थांबली. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. सवय आहे, गणवेश दिसला की मी मोजायला लागतो. मोजता मोजता माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे शाळा शुक्रवारी आणि शनिवारी बंद असतात. आठवडा सुरू होतो रविवारी. मुली शाळेत चालल्या आहेत, म्हणजे आज रविवार. तसा तो मला सकाळपासून माहीतच होता, मी वर्तमानपत्र वाचूनच निघालो होतो. पण रविवार आणि किल्ला या दोन गोष्टी मी तोवर शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तो जिथे नेई तिथे मी जात असे. त्याचं बोट धरून चालायची मला सवय लागली होती.

मी म्हटलं, "खोर्शेद, आज..."

"आज जरा बरं वाटतंय, मास्तर," तो म्हणाला. "खरं सांगतो. तापाने धुऊन काढल्यासारखं."

मी गप्प बसलो. सदतीस वर्षं वर्गात उभा राहून मी मुलांच्या चुका काढल्या. त्या दिवशी एक चूक माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि मला तोंड उघडवेना. मनाची समजूत घातली की त्याच्या डोक्यात काही असेल, बाहेरून तट दाखवून नेईल. पण मला माहीत होतं की तसं काही नाही.

दार बंद होतं. मोठ्या लोखंडी दाराला साखळी, साखळीला कुलूप, तिकिटाच्या खिडकीवर फळी. समोरच्या रस्त्यावर फुगेवाला नाही, चिंचेच्या गोळ्या विकणारा नाही. खोर्शेद रिक्षेतून उतरला आणि दोन पावलं जाऊन थांबला. दारावरच्या पाटीकडे नव्हे, फुगेवाला नसलेल्या जागेकडे पाहत होता. आतून पहारेकऱ्याने त्याला ओळखलं.

"काय खोर्शेद भाई, आज रविवारी इकडे कुठे?"

खोर्शेदने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न नव्हता. मी खाली बघितलं, तेव्हा त्याला कळलं की मला कळलेलं होतं.

तौहीद रिक्षेचे पैसे देऊन आला. "काय झालं? बंद आहे?"

"बंद आहे," खोर्शेद म्हणाला.

"म्हणजे? तुम्ही गाइड ना? आज बंद असतो हे तुम्हाला माहीत नाही? आईचे पाय बघताय ना तुम्ही? रात्रभर बस, आज परत रात्रभर बस..." त्याने खिशातून फोन काढला. "त्या ऑफिसचा नंबर आहे माझ्याकडे."

मी पुढे झालो. म्हटलं, "चूक माझी आहे. वार मी सांगितला. मी म्हातारा झालोय, माझा गोंधळ होतो."

खोर्शेदने माझ्या बाहीला हात लावला. "राहू द्या मास्तर. खोटं बोलल्याबद्दल अर्ध्या मोहल्ल्याला तुम्ही पट्ट्या मारल्यात. आता या वयात कशाला?" मग तो तौहीदकडे वळला. "चूक माझीच आहे साहेब. मला वार कळला नाही. फोन करायचा तर करा."

जोबेदा खातून तोवर चहावाल्याच्या बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांनी पानाची डबी उघडली, बंद केली.

"तौहीद, ठेव तो फोन."

"अगं आई, पण..."

"तुझा तो हाडांचा डॉक्टर. तारीख देऊन तीन वेळा आपल्याला परत पाठवलं. 'आज साहेब नाहीत, उद्या या.' तेव्हा कोणाला फोन केला होतास? उलट कंपाउंडरला सलाम करून आलास. ठेव."

तौहीदने फोन ठेवला नाही, पण केलाही नाही. हातात धरून उभा राहिला. बाई बंद दाराकडे बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. ज्या माणसाला दारावरून परत जायची सवय असते तो जसा बघतो, तशा बघत होत्या. मला वाटतं, खोर्शेदला ते बघवलं नाही. तो मान कलती ठेवून आजूबाजूच्या इमारतींकडे पाहायला लागला, एकेक करून, जणू कोणाची तरी हाक येणार आहे.

"आपा, पायऱ्या चढवतील का?" त्याने विचारलं.

"किती आहेत?"

"हे काय, समोरच."

"भाई, पायऱ्या समोर नसतात, वर असतात. किती ते सांगा."

अंतराच्या बाबतीत खोर्शेद पहिल्यांदाच खरं बोलला. "ऐंशीच्या आसपास. उंच आहेत."

तटाच्या भिंतीला लागूनच्या गल्लीत हाशेम बाकरखानीवाल्याची भट्टी आहे. तिच्यावर चार मजले आणि मग गच्ची. हाशेम भट्टीच्या तोंडाशी वाकून, आतल्या भिंतीला चिकटवलेल्या बाकरखान्या सळईने उचकटत होता. खुसखुशीत, थराथराची ती रोटी आमच्याकडे चहात बुडवून खातात. त्याने खोर्शेदला पाहिलं.

"अजून जिवंत आहेस? मला वाटलं, ताप घेऊन गेला."

"मला बघून परत गेला. म्हणाला, यात जाळायला काही उरलेलं नाही. किल्ली दे गच्चीची."

"गच्चीची? तुला? तू गेल्या ईदला माझ्या उंबऱ्याला दमला होतास."

"किल्ली दे."

हाशेमने किल्ली दिली. वर सांगितलं, "पहिल्या मजल्यावर माझ्या सुनेने कपडे वाळत टाकलेत. त्यांना धरून चढू नकोस, दोरी कच्ची आहे."

तो जिना मी विसरणार नाही. एक माणूस जेमतेम जाईल एवढा, भिंतीला मैदा आणि धूर यांचा वास. पुढे तौहीद, मग त्याची आई भिंतीला हात लावून, मग खोर्शेद, मागे मी. प्रत्येक वळणावर दोघं म्हातारी थांबत. पहिल्या वळणावर बाई म्हणाल्या, "तुमचा कुठला?" खोर्शेद म्हणाला, "उजवा. तुमचा?" "दोन्ही." दुसऱ्या वळणावर दोघांनी नुसता दम खाल्ला. तिसऱ्या वळणावर खोर्शेदने कठड्याला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. श्वासाची शिट्टी वाजत होती. मी म्हटलं, "बस झालं, खोर्शेद, तू थांब इथेच. मी नेतो."

बाई वरच्या पायरीवरून मागे वळल्या. "थांबायचं काय त्यात? मला काय कळणार तिथे कुठे काय आहे? चला भाई. समोरच."

खोर्शेद हसला. डोळे न उघडताच. मग पाय उचलला.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या, तारा, एक मोडका पाळणा. आणि कठड्याच्या पलीकडे, एकदम खाली, किल्ला.

मी तो शेकडो वेळा पाहिला होता. नेहमी माणसांच्या डोक्यांवरून. शुक्रवारी तर तिथलं गवत दिसत नाही. माणसं, पोरं, शेंगांची टरफलं, फोटो काढणाऱ्यांच्या रांगा. त्या दिवशी त्यात कोणी नव्हतं. लांबच लांब हिरवळ, मधोमध पाण्याचा सरळ पाट, मधे परी बीबीची कबर, एका टोकाला तीन घुमटांची मशीद, दुसऱ्या टोकाला दिवाणखाना. एक माळी पाइप घेऊन उभा होता, आणि एक कुत्रा उन्हात आडवा होता. चारही बाजूंनी आमचं हे शहर एकमेकांच्या अंगावर रेललेलं, आणि मधे ती रिकामी जागा.

जोबेदा खातून कठडा धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ. तौहीदने फोन वर केला फोटो काढायला, मग का कोण जाणे, खाली घेतला.

"असाच होता," बाई म्हणाल्या.

"काय?" मी विचारलं.

"डब्यावर. असाच. डब्यावरही माणसं नव्हती. मला वाटायचं, चित्र काढणाऱ्याने आळस केला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ढाक्यात एवढी मोकळी जागा आहे हे कोणी सांगितलं असतं तर मी हॉस्पिटलातून उठून आले असते."

खोर्शेद टाकीच्या सावलीला पालथ्या घमेल्यावर बसला होता. बसल्या जागेवरून त्याने हात लांब करून सगळं सांगितलं: ही कबर कोणाची, ते हमामखान्याचं छप्पर, आणि हा किल्ला बांधणाऱ्याने अर्धाच सोडला, मुलगी गेली म्हणून. आवाज बारीक झाला होता, पण एकही गोष्ट त्याने दोनदा सांगितली नाही.

"अर्धाच?" बाई म्हणाल्या.

"अर्धाच. तटाचं पुढचं काम झालंच नाही."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "पुरा केला असता तर ऐंशीच्या जागी दीडशे पायऱ्या चढवल्या असत्या तुम्ही."

खाली हाशेमने चहा आणि गरम बाकरखानी ठेवली होती. तौहीदने तीन खाल्ल्या. त्याने आता फोन खिशात ठेवला होता, आणि जाताना तो खोर्शेदला म्हणाला, "चाचा, मी काही कोणाला सांगणार नाही हं." चांगल्या मनाने म्हणाला. खोर्शेदने मान हलवली.

मग त्याने स्वतःचा फोन काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर लावला. भट्टीजवळ उभा राहून बोलला, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"शर्मीन, मी खोर्शेद चाचा. आज मी पाहुणे किल्ल्यावर नेले... हो. रविवारी... नाही, ताप नाही. ताप उतरला." तिकडून ती काहीतरी विचारत होती. तो ऐकत राहिला. "कोणी तक्रार नाही केली पोरी. पाहुणे भली माणसं आहेत. मीच करतोय."

हाशेमची सळई थांबली. तौहीद हातातल्या पेल्याकडे बघायला लागला.

"मास्तर," फोन ठेवून तो मला म्हणाला, "पुढचं तुम्ही न्या. चर्च, महाल, होडी. महाल आज उघडा आहे, घाबरू नका. मी इथे बसतो."

मी नेलं. चर्चमध्ये सालं वाचली, महालात बाईंना नवाबांच्या जेवणाच्या टेबलाची लांबी सांगितली, होडीत त्यांनी नाकाला शाल लावली. दुपारी बिर्याणीच्या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही छान सांगता. पण तुम्ही समोरच म्हणत नाही, त्यामुळे जास्त दमायला होतं." निरोप घेताना पानाच्या डबीतून त्यांनी दोन विडे काढून कागदात बांधून दिले. "त्यांना द्या. गुडघ्याला काही उपयोग नाही, पण तोंड चालतं."

परत येताना मी हाशेमकडे गेलो. खोर्शेद भट्टीच्या उबेला पाय लांब करून झोपला होता, मान डावीकडे.

आता तो ऑफिसात टेबलावर बसतो. शर्मीनने त्याच्यासमोर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर टांगलंय. तो त्याच्याकडे पाठ करून बसतो. मालकांनी मधे एक टूम काढली, रविवारी गच्चीवरून रिकामा किल्ला दाखवायचा, खोर्शेदने न्यायचं, लोकांना नवीन काहीतरी. खोर्शेद म्हणाला, "त्या पायऱ्या एकदाच होत्या, मालक." लोक फोन करतात, अमुक ठिकाण किती लांब म्हणून विचारतात. तो सांगतो, "हे काय, समोरच." गुडघा धरतो. पहिले काही दिवस संध्याकाळी तो उठून उभा राहायलाही दोन मिनिटं घेई.

उर्दू रोडवर मी गप्प बसलो, त्याबद्दल तो मला कधी काही बोलला नाही. मीही नाही. पण मी सकाळी नदीवर फिरायला जातो तेव्हा इस्लामपूरवरून जायला लागलोय. तसा तो रस्ता मला लांबचा पडतो. त्याच्या खिडकीखाली हातगाड्यांच्या गर्दीत जरा थांबतो आणि वर तोंड करून ओरडतो, "खोर्शेद, आज बुधवार." किंवा जो असेल तो.

वरून खोकल्याचा आवाज येतो. खिडकी उघडत नाही.

"माहीत आहे," तो म्हणतो. "जा आता, हातगाडीवाल्याची वाट अडवलीत."